बिल्ला हाती येईपर्यंत

जहाजाच्या लिफ्टमध्ये मी पहिल्यांदा शिरले ती अनवाणी. आत पायाखाली लाल गालिचा, भिंतींना गुळगुळीत लाकूड, आणि पितळेची जाळी अशी घासलेली की तिच्यात तोंड दिसावं. अशा जागी चपला घालून जातात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अहेरीकडच्या आमच्या गावात कुणाच्याही दारी गेलं की चपला बाहेर, एवढंच शिकून मी मोठी झालेली. चपला जोडीनं दाराशी काढल्या, आत जाऊन उभी राहिले, लिफ्टवाल्यानं जाळी ओढली, आणि माझ्या डोळ्यांदेखत चपला खाली राहिल्या. वरच्या डेकवर उन्हानं तापलेल्या फळ्यांवरून मी नाचतच फिरले. खाली आले तेव्हा त्या भिंतीला लावून नीट ठेवलेल्या होत्या. लिफ्टवाला पिकल्या केसांचा, गोव्याकडचा माणूस. मुंबईत बरीच वर्षं काढल्यामुळे त्याला मराठी चांगली येत होती. तो हसला नाही, एवढंच म्हणाला, "बाई, ही खोली चालती आहे. चपला सोबत घेत चला."

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. माझा नवरा खाणकामाचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. मग त्यानं मला आणि आपल्या आईला बोलावून घेतलं. लग्नानंतर आम्ही जेमतेम दोन महिने एका घरात होतो, आणि त्यातला बराच काळ पाहुण्यांची ताटं वाढण्यात गेला. त्याचा चेहरा आठवायचा तर मला पेटीतून फोटो काढावा लागे. त्यामुळे विलायतेला मी निघाले ती नवऱ्याच्या भरवशावर नाही, सासूच्या भरवशावर. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. तोंडानं फटकळ, पण मी आजारी पडले की उशाशी बसून राहणारी बाई. त्या सोबत आहेत तोवर मला कसलीही भीती नव्हती.

आमची खोली जहाजाच्या पार पोटात होती. खिडकी नाही, दिवा सारखा चालू, आणि भिंतीपलीकडे इंजिनाची घरघर. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हे तर खाण आहे व."

खाण म्हटलं की आमच्या घरात पुढं कुणी बोलत नसे. माझे सासरे, आमच्याकडे त्यांना मामाजी म्हणतात, चांद्याला कोळशाच्या खाणीत होते. एका सकाळी ते पिंजऱ्यातून, म्हणजे खाणीत माणसं खाली-वर नेणाऱ्या जाळीच्या पाळण्यातून, खाली उतरले, दुपारी छत कोसळलं, आणि त्यांना वर आणलं ते चादरीत. नवरा तेव्हा शाळेत होता. पुढं त्यानंच खाणीचं शिक्षण घेतलं. ते आत्याबाईंना पटलं नाही, पण त्यांनी त्याला अडवलंही नाही. स्वतः मात्र खाणीच्या बाजूला पुन्हा पाऊल टाकलं नाही. माहेरी, वरोऱ्याकडे जायचं तरी त्या वाट वाकडी करून जात.

जहाजावर चढलो तेव्हा लिफ्ट पाहून त्या जागच्या जागी थबकल्या. जाळीचं दार, घंटा, दांड्यावर हात ठेवून उभा असलेला माणूस. "थोच पिंजरा आहे," म्हणाल्या आणि मागे फिरल्या. त्यांचे गुडघे धरलेले होते, साधा ओटा चढायलाही आधार लागे. शेवटी दोन खलाशांनी दोन्ही दंडांना धरून त्यांना जिन्यानं खाली आणलं. उतरताना कसंबसं जमलं, पण चढणं त्यांच्यानं होणार नव्हतं. म्हणजे लिफ्टमध्ये बसल्या नाहीत तर विलायत येईपर्यंत त्या खोलीतच राहणार, हे त्यांनाही कळलं होतं आणि मलाही.

मी मात्र दिवसातून पुष्कळदा वर-खाली करी. त्यांच्यासाठी जेवण आणायचं, औषध आणायचं, हे निमित्त. खरं सांगायचं तर मला त्या लिफ्टचं वेड लागलं होतं. समुद्र खवळला की तिच्यात वेगळीच मजा. लिफ्ट वर चालली आणि त्याच वेळी जहाज खाली बसलं, तर आपण जागच्या जागी उभे आहोत असं वाटायचं. दोन्ही एकदम खाली गेले की पोटातलं सगळं गळ्याशी. अशाच एका क्षणी एका मडमेनं माझा हात घट्ट धरला, तो वर पोचेपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी डेकवर मी तिच्याकडे पाहून हसले तर ती पलीकडे पाहू लागली. आमची ओळख लिफ्टपुरती होती. मला राग आला, पण गंमतही वाटली.

आत्याबाईंना यातलं काही सांगायला गेले की त्या भिंतीकडे तोंड करून निजत. त्यांना जहाज लागलं होतं, अन्न टिकत नव्हतं. सोबत आणलेला मुर्रा, म्हणजे चुरमुरे, आणि जवसाची चटणी एवढ्यावर त्या होत्या. डॉक्टर येऊन वरची हवा खायला सांगून गेला. मग एका दुपारी त्या उठून बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "एडनले मले उतरून दे. तिथून मुंबईचं जहाज भेटन."

"आणि मी?"

"तू जाय त्याच्याकडं. तुया नवरा आहे थो."

माझं डोकं फिरलं. अनोळखी देश, फोटोतला नवरा, आणि ही बाई मला अर्ध्या वाटेत सोडून जायला निघाली होती. मी म्हटलं, "उतरायचं तर दोघी उतरू. मी पण येते परत. त्याला तार करू, की तुझी आई एका पेटीत बसायला भ्याली म्हणून तुझी बायको पण आली नाही."

बोलायला मी काही कमी नव्हते. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग थो पोरगा तिथी एकटाच राह्यन." आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या.

सकाळी मी उठले तर त्या वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून बसलेल्या. "चाल," म्हणाल्या. खोलीची किल्ली खिळ्याला टांगलेली असे. तिला खोलीच्या नंबरचा पितळी बिल्ला होता. ती त्यांनी स्वतःच्या हातानं काढून मुठीत धरली. मला वाटलं, कुलूप लावायला घेतली असेल. कुलूप लावलं तरी ती त्यांनी मला दिली नाही.

लिफ्टच्या दाराशी पोचल्यावर त्यांनी ती किल्ली लिफ्टवाल्याच्या हातात ठेवली. त्यानं मान हलवून खिशात टाकली. मग त्या आत आल्या, डोळे मिटले, आणि माझा दंड असा धरला की बोटांचे वळ उठले. वर जाईपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होत्या की सासऱ्यांना काही सांगत होत्या, मला कळलं नाही. जाळी उघडली, बाहेर पाऊल पडलं, आणि समोरून एकदम वारा आला. मला इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले.

पण आत्याबाई वाऱ्याकडे गेल्या नाहीत. वळल्या आणि लिफ्टवाल्यापुढे हात पसरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात खालून घंटा झाली, त्यानं जाळी ओढली आणि लिफ्ट निघून गेली.

"चला आत्याबाई, तिकडं बसू."

"बिल्ला भेटला नाई."

"किल्ली होय? मिळेल नंतर. तुम्ही चला तर."

त्या हलल्या नाहीत. समुद्राकडे पाठ आणि बंद दाराकडे तोंड करून उभ्या. येणारे-जाणारे आम्हाला वळसा घालून जात होते. एवढ्या मिनतवारीनं वर आणलेली बाई दारालाच खिळलेली, आणि मी लाजेनं अर्धी. मी चिडून म्हटलं, "आता काय झालं? आलात ना वर?"

"नाई आली अजून," त्या म्हणाल्या. मग तिथंच, तुटक तुटक, त्यांनी मला सांगितलं. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला नंबरचा बिल्ला असे. खाली जाताना तो बत्तीघरात द्यायचा आणि दिवा घ्यायचा. वर आल्यावर दिवा द्यायचा आणि बिल्ला घ्यायचा. बिल्ला फळीवर टांगलेला आहे तोवर माणूस खाली आहे. कुणी डोळ्यांसमोर येऊन उभा राहिला तरी बिल्ला घेतल्याशिवाय तो वर आला असं कुणी मानत नसे. बायाही पाळी सुटायच्या वेळी माणसांच्या तोंडांकडे नाही, त्या फळीकडे पाहत.

"तुया मामाजीचा बिल्ला तिथंच राह्यला," त्या म्हणाल्या. "मंग थो नंबर दुसऱ्याले देऊन टाकला. घ्याले कोणी गेलंच नाई. मी बी नाई गेली."

मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता.

लिफ्ट पुन्हा वर आली. मी पुढं होऊन किल्ली मागितली. लिफ्टवाला गोंधळला. किल्ली ठेवायला दिली असं समजून त्यानं ती खालच्या ऑफिसात जमा केली होती; बरेच प्रवासी तसंच करत. "हरवली नाही, तिथं आहे," तो म्हणाला. "परत जाताना घ्या." मी त्याला बिल्ल्याचं सांगू लागले. मला वाटलं होतं बराच वेळ लागेल, पण दोन वाक्यांतच त्यानं मला हातानं थांबवलं. आत उभ्या असलेल्या साहेबाला आणि त्याच्या बायकोला बाहेर काढलं, रिकामी लिफ्ट घेऊन खाली गेला आणि किल्ली घेऊन आला. ती त्यानं माझ्याकडे दिली नाही. आत्याबाईंच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी बिल्ल्यावरून अंगठा फिरवला, किल्ली कनवटीला खोचली, आणि मगच पाठ फिरवली.

मी त्यांना बाकावर बसवलं. समुद्र निवांत होता. पण त्या समुद्राकडे पाहतच नव्हत्या, मान वर करून नुसत्या आभाळाकडे पाहत होत्या. तोंड थोडं उघडं राहिलेलं. इतक्या दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"तुये मामाजी रोज उशिरा येत घरी," त्या म्हणाल्या. "पाळी सुटल्याचा भोंगा वाजे. बाकीच्यायची माणसं येऊन, आंग धुऊन जेवाले बसत, अन् यायचा पत्ता नाई. मी भांडायची. कुठी बसता म्हणे मी, दारूवर जाता का कोणाच्या घरी जाता? ते म्हणत, कुठी नाई, उभा होतो. मी म्हणे, उभा होतो म्हणजे काय? काऊन उभे होते? त्यायले सांगता येत नसे."

मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

"मले वाटे खोटं बोलतात. सारा जलम मी तेच धरून बसली." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "उभेच राहत होते व ते. वर येऊन नुसते असे उभे."

सासरे गेले त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या, असं माझा नवरा सांगत असे. आता बाकावर मात्र त्या पुष्कळ रडल्या आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. जेवणाची घंटा झाली. लिफ्टवाला जाळी उघडून आमची वाट पाहत होता. मी आधाराला हात पुढं केला तसा तो धरून त्या उठल्या. पण दाराकडे न वळता कठड्यापाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी तो पकडला.

"जेवायचं नाही का आत्याबाई? एडन पण येईल आता दोन दिवसांत."

"येऊ दे. आपल्याले काय करायचं आहे एडनचं?" त्या म्हणाल्या. "त्या लिफ्टवाल्याले म्हण, जाय तू. मले उभी राहू दे थोडी."