तिसऱ्या कर्मचाऱ्याची ओळ

कामाच्या जागी केलेल्या संशोधनाचा अहवाल कसा लिहायचा, हे मी ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात शिकवते. मुलं मान डोलावतात आणि नेटवरून उतरवून आणतात, मग माझं डोकं फिरतं. त्या वर्षी एकीनं मात्र खरंच काम केलं होतं. दौलतगंजातल्या मराठी घरातली मुलगी. सिटी सेंटरमधल्या एका खासगी लॅबमध्ये रिसेप्शनवर नोकरी करून शिकणारी. रुग्णांना दुसऱ्यांदा रक्त द्यायला का बोलवावं लागतं, हा तिचा विषय होता.

मी सांगितल्याप्रमाणे तिनं सहकाऱ्यांची नावं गाळून पहिला कर्मचारी, दुसरा कर्मचारी असं लिहिलं होतं. बोलणंही ज्याचं त्याच्या शब्दांत. मी खूश होऊन वाचत होते आणि एका ओळीशी थबकले. सगळा अहवाल हिंदीत, तिसरा कर्मचारी तेवढा मराठीत बोलत होता: "रक्ताची नळी हरवली तरी पेशंटला रक्त गोठलं म्हणून सांगायचं, असा हुकूम आहे."

"तुमच्या लॅबमध्ये मराठी कोण कोण आहे?"

"मी, आणि रक्त काढणाऱ्या ताई." बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. "पण मॅडम, मी तर सगळी नावं हटवली होती ना."

"नाव झाकलंस आणि भाषा उघडी ठेवलीस. आणखी कोणाला दिलंयस हे?"

"मालकांना. सही-शिक्क्यासाठी. आज सकाळीच."

ताईंच्या एकटीच्या पगारावर त्यांचं घर चालत होतं. मालकांनी ती ओळ वाचली की नोकरी गेलीच म्हणायची. मी तिच्या स्कूटीवर मागे बसले. वाटभर तिचं एकच चाललं होतं, "मॅडम, उन्होंने मुझ पर भरोसा किया था." मी म्हटलं, गप्प बस आणि समोर बघ.

आम्ही पोचलो तेव्हा मालक केबिनमध्ये अहवाल उघडून बसले होते. दाराबाहेरच ताई एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत होत्या. मालकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ताईंकडे पाहिलं.

"ये किसने बोला है?"

"मैंने, सर," मुलगी म्हणाली. "तीसरा कर्मचारी मैं ही हूँ."

मी तिची शिक्षिका, हे तिनं आत शिरतानाच सांगितलं होतं. ते माझ्याकडे वळले. "मैडम, ये सच है?"

अहवालात एक शब्द खोटा चालणार नाही, असं म्हणून मुलांचे गठ्ठेच्या गठ्ठे परत करणारी बाई मी. "जी," मी म्हणाले. "काम करने वाला अपना अनुभव भी लिख सकता है."

त्यांनी अहवाल खणात टाकला. "कल से मत आना," तिला एवढंच म्हणाले, तेही अगदी शांतपणे. दार उघडंच होतं. ताईंनी सगळं ऐकलं, पण मान वर केली नाही. म्हाताऱ्याला म्हणाल्या, "बाबा, मुट्ठी बंद करो." मला त्यांचा भयंकर राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

बाहेर पडलो. नोकरी गेली होती, आणि लॅबच्या शिक्क्याशिवाय कॉलेज अहवाल घेत नाही, म्हणजे तिचं वर्षही गेल्यात जमा. तिनं जिन्यातच थांबून माझ्या हातातली कॉलेजची प्रत मागून घेतली आणि बॅगेत पेन शोधू लागली.

"मॅडम, ती ओळ आता हिंदीत करून टाकते," ती म्हणाली. "नाहीतर कॉलेजात कोणी ताईंना ओळखेल."