अर्धी किल्ली

किल्ली अर्धी फिरवायची आणि उजवा हात वर करून थांबायचं. वर्गातली पोरं गप्प करायला मास्तर करतात तसा हात. समोर पिवळं वेटोळं पेटलेलं असायचं, डिझेल इंजिन आतून तापवणाऱ्या हीटरचा दिवा. तो विझेपर्यंत गुरुजी कोणाला तोंड उघडू देत नसत.

"थांब बाबू. तिले जागी होऊ दे."

ही 'ती' म्हणजे त्यांची गाडी. परदेशी बनावटीची, डिझेलवरची, चारही चाकांना ताकद देणारी आणि आकारानं गोठ्याएवढी. नागपूरच्या कुण्या बिल्डरनं हौस फिटल्यावर विकायला काढलेली. आणि मालक कोण, तर सिहोऱ्याकडचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. पांढरा पायजमा, बंडी, खांद्यावर दुपट्टा. तुम्हीच सांगा, जुळतं का काही?

माझं तुमसरला गॅरेज आहे. माझं डोकं लवकर तापतं, हे मी सांगायची गरज नाही, गिऱ्हाईकंच सांगतील. गाडी बघायला गुरुजी मला नागपूरला घेऊन गेले. मी बोनेट उघडलं, खाली सरपटून पाहिलं आणि हात झटकत बाहेर आलो.

"गुरुजी, हा पांढरा हत्ती आहे. स्प्रिंगच्या पाट्यांच्या जागी हवेचे फुगे आहेत हिले. एक फुगा फाटला का गाडी बसली बुडावर. सामान दिल्लीहून मागवा लागते. सोडा हिचा नाद."

गुरुजींनी ऐकून घेतलं आणि पिशवीतून स्टीलचा गिलास काढला. त्यात पाणी भरलं, मागच्या सीटच्या मधल्या हातटेकणीवर ठेवला आणि स्वतः शेजारी बसले.

"चालव. गिट्टीच्या रस्त्यानं घे."

मला राग आलेलाच होता. मी खड्डे हुडकून हुडकून गाडी घातली. आरशात बघतो तर गुरुजींची नजर गिलासावरून हलत नव्हती. परत आलो तेव्हा त्यांनी सीटवर तळहात फिरवून पाहिला. सीट कोरडी होती.

"घेतली," ते म्हणाले.

"अहो, इंजिनचं तरी काही विचारा!"

"इंजिन तू पाहशील. मले जे पाहायचं होतं ते मी पाहिलं."

येताना वाटेत त्यांनी कारण सांगितलं. मुलगा-सून नोकरीसाठी लांब राहतात. नात लहानपणापासून आजी-आजोबांकडे, आता तुमसरला कॉलेजात जाते. तिला सिकल आहे. आमच्या भागात हा आजार घरोघरी ठाऊक असतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कुठेतरी अडकतात आणि मग हाडं अशी ठणकतात की अंगावरची चादर कोणी ओढली तरी पोर किंचाळते. थंडीत तर विचारूच नका. ॲम्ब्युलन्स येते, पण तिचे पाटे पडले ट्रकसारखे कडक. मागल्या खेपेला दवाखान्यात पोचेपर्यंत पोरीनं दुपट्टा चावून चावून फाडला होता.

"मले अशी गाडी पाहिजे होती, का जिच्यात तिले धक्का लागणार नाही आन् थंडी वाजणार नाही," गुरुजी म्हणाले. "आता हे तुझ्यापाशीच राहू दे. गाडीचा डॉक्टर तू, म्हणून तुले सांगतलं. पोरीचं लग्न व्हायचं आहे."

"आन् लोकं काय म्हणतील?"

"मले काय म्हणायचं ते म्हणू दे ना!"

आणि लोकांनी म्हणून घेतलं. काही बाकी ठेवलं नाही. गुरुजीले म्हातारपणी रुबाब सुचला, आता आमदारकीले उभे राहणार, धानाचे कट्टे ह्याच्यातच मंडीत नेणार. गाडी तुमसरच्या बाजारात शिरली की राइस मिलवाले हातातलं काम टाकून सलाम ठोकायचे. गुरुजीही काचेतून सलाम घ्यायचे, अगदी थाटात. मला हसू यायचं आणि मग पोरीनं चावून फाडलेला दुपट्टा आठवायचा.

बरं, गाडी सांभाळावी कशी, तर ह्यांच्यासारखी. गाडीच्या शेडला लागून तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा ढीग. नवं धान घरात आलं की उंदीर आले आणि उंदरांना त्या गाडीच्या वायरी भारी गोड लागल्या. महिन्याआड मी तिकडे वायरी जोडायला. मी म्हटलं, तणस हलवा. ते म्हणाले, गाईनं काय खायचं? शेवटी त्यांनी बोनेटखाली तंबाखूच्या पुरचुंड्या बांधल्या आणि रोज सकाळी बोनेटवर टिचक्या मारून उंदरांना दरडावायचे, "निघा बे बाहेर, हजेरी झाली!" नात दारात उभी राहून पोट धरून हसायची. तिचं हसू पाहिलं की वायरींचा राग माझ्याही डोक्यातून जायचा.

मी त्यांना एकच गोष्ट बजावली होती. डिझेल पंपावरचंच टाकायचं, दुसरं नाही. पण आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरी डिझेलचा ड्रम असतोच. ट्रॅक्टर त्याच्यावर, धान काढायची मशीन त्याच्यावर. ड्रमाच्या तळाशी पाणी साचतं आणि ट्रॅक्टर ते बिचारा पचवून टाकतो.

पूस महिन्यातली सकाळ होती. धानाच्या बांधीवर धुकं इतकं, की समोरचा माणूस दिसेना. गुरुजींचा फोन आला, आवाज ओळखू येईना.

"बाबू, गाडी बंद पडली रे. पोर मागं आहे. लवकर ये."

ॲम्ब्युलन्सला त्यांनी आधीच फोन केला होता. ती दुसऱ्या गावाला गेलेली, येत होती, पण वेळ लागणार होता. मी पिकअपमध्ये फिल्टर, नळ्या आणि चांगल्या डिझेलचा डबा टाकला आणि निघालो. धुक्यात रस्त्याच्या कडेला ती काळी गाडी मुकाट उभी होती. मागच्या सीटवर आजी आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पोर. दोन रजया अंगावर, ओठ पांढरे, डोळे मिटलेले. इंजिन बंद, म्हणजे हीटरही बंद. गाडीतली ऊब चालली होती.

मी फिल्टरखालची तोटी सैल करून खाली बाटली धरली. बाटलीत डिझेल कमी आणि पाणीच जास्त आलं.

"कुठलं टाकलं?" मी ओरडलो.

"टाकी खाली होती. रात्रीपासून ती कण्हत होती. पंपावर जायले वेळ कुठं होता? ड्रमातलं टाकलं. ट्रॅक्टर पिते रे. मले वाटलं, हे काहून नाही पिणार?"

मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू! आणि त्याच क्षणी त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी म्हटलं, पोरीला माझ्या पिकअपमध्ये घालू. गुरुजी दाराला आडवे झाले.

"नाही. तुझ्या गाडीत तिचा जीव जाईल. हीच चालव. काही कर."

टाकी उपसायला वेळ नव्हता. मी टाकीची नळीच तोडली. नवा फिल्टर बसवला, त्याची नळी चांगल्या डिझेलच्या डब्यात सोडली आणि डबा समोरच्या काचेखालच्या कपारीत ठेवून गुरुजींच्या दुपट्ट्यानं आवळून बांधला. बोनेट अर्धवट उघडं, दोरीनं ओढून धरलेलं. हातपंपानं हवा काढली. आता प्रश्न बॅटरीचा होता. गुरुजींनी सेल्फ मारून मारून तिचा जीव काढला होता. फार तर एकदा फिरेल, एवढीच धुगधुगी उरलेली. पिकअपच्या बॅटरीला जोडायच्या वायरी मी घाईत गॅरेजातच विसरलो होतो.

मी स्टिअरिंगवर बसलो, किल्ली अर्धी फिरवली. पिवळं वेटोळं पेटलं. ते काही केल्या विझेना. शेजारी बसलेल्या गुरुजींचा धीर सुटला.

"मार ना सेल्फ! कायले वाट पाहून राहिला? मार!"

माझा हात किल्लीवर घट्ट झाला होता. एवढ्यात मागून आवाज आला, इतका बारीक की आधी मला भासच वाटला.

"आबाजी, थांबा. तिले जागी होऊ द्या."

गुरुजींनी तोंडावर हात दाबून धरला. आम्ही चौघं त्या दिव्याकडे बघत राहिलो. दिवा विझला. मी किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, थांबल्यासारखं झालं, पांढरा धूर ओकलं आणि लागलं. आजी हमसून हमसून रडायला लागली.

तुमसरात शिरलो तोवर धुकं विरलं होतं आणि बाजार भरला होता. त्या रुबाबदार गाडीच्या काचेखाली डबा बांधलेला आणि नळी आत गेलेली पाहून मिलवाल्यांना चेवच आला. गर्दीत गाडी हळू केली तेव्हा एकजण काचेशी येऊन हसला, "काय गुरुजी, महाराणीले सलाईन लावली का?"

गाडीच्या काचा काळ्या, मागचं काही दिसत नव्हतं. गुरुजींनी काच बोटभर खाली केली आणि हसून दाखवलं. मी जन्मात इतकं अवघड हसू पाहिलं नाही.

"हो ना बाबू. गाडी बिमार आहे. जरा वाट दे."

वाट मिळाली. दवाखान्यात पोर वाचली. नंतर मी गुरुजींना ड्रमावरून मनसोक्त झापलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ड्रमावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, "फक्त ट्रॅक्टर".

गुरुजी गेले ते पुढच्या पावसाळ्यात, झोपेतच. गाडी आता पोर चालवते. शिक्षण संपवून ती तुमसरातच नोकरीला लागली आहे. परवा सर्व्हिसिंगला आली तेव्हा गॅरेजात चार गिऱ्हाईकं बसली होती. त्यांत तो सलाईनवाला मिलवालाही होता.

"बेटा," तो म्हणाला, "आजोबाची हौस होती, ठीक आहे. आता तू काहून हा हत्ती पोसून राहिली? विकून टाक ना."

मी पाना हातात धरून उभा राहिलो. मी काही बोलणार, तोच ती बोलली. आवाज चढवला नाही की लपवला नाही.

"काका, मले सिकल आहे. दुखणं उठलं का दुसऱ्या गाडीत मले बसवत नाही. हे आबाजीची हौस नव्हती. माझ्यासाठी घेतली होती त्यायनं."

मिलवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. गुरुजींनी इतके दिवस लोकांचे सलाम झेलून जे झाकलं, ते पोरीनं उजेडात सगळ्यांसमोर ठेवलं होतं. मला त्यांची त्या घडीला फार फार आठवण आली. वाटलं, आज हे ऐकायला गुरुजी हवे होते.

ती गाडीत बसली. मिलवाला काच वाजवून काहीतरी सांगू बघत होता, बहुतेक माफीच मागत असावा. तिनं किल्ली अर्धी फिरवली आणि उजवा हात वर केला.

आम्ही सगळे थांबलो.