हळदीच्या डब्याची लाइट टेस्ट

लिंबाजीमामा कंटेनरमध्ये शिरले आणि मी हमालांना बाहेरून दार लावायला सांगितलं. वसमतचं गोडाऊन, उन्हाळ्यातली दुपार, हळदीची पोती रचून तयार. दुसऱ्या दिवशी सकाळच्या आत हा डबा रेल्वेच्या डेपोत पोचायला हवा होता.

मी कंटेनर सर्व्हेअर आहे. हळद परदेशी जाते तेव्हा पोती इथेच डब्यात भरतात आणि सील लावतात. तोच डबा ट्रेलरवरून डेपोत, तिथून मालगाडीनं बंदरावर आणि क्रेननं जहाजावर. मध्ये कुठेही उघडत नाही. गाडी चुकली की जहाजही चुकतं. डबा धड आहे ना, हे भरण्याआधी तपासून सही करायची, हे माझं काम. त्यातली मुख्य म्हणजे लाइट टेस्ट. माणसानं आत कोंडून घ्यायचं आणि कुठून उजेड येतो का ते बघायचं. सुईएवढं भोक असलं तरी समुद्रावर पाणी शिरतं आणि हळदीला बुरशी धरते.

फॉर्मवर छापलेलंच असतं, ‘सर्व्हेअरने स्वतः आत जाऊन पाहणी केली.’ अकरा वर्षांत मी सुरुवातीचे दोन-तीन महिनेच काय ती आत गेले. पुढे मामांनी जाऊ दिलं नाही. मामा हमालांचे मुकादम, जवळच्या तांड्यावरचे, पन्नाशी उलटलेले. “म्याडम, तुमी काहून अंधारात कोंडून घेता? आमी हाव की,” म्हणायचे. मला ते बरं वाटायचं. खरं सांगायचं तर आतल्या उकाड्याची मला भीतीच वाटायची.

तो डबा बंदरावरून रेल्वेनं रिकामा आला होता. कोपऱ्यात राखेसारखी करडी भुकटी होती. आधीच्या मालाची घाण असेल म्हणून गोडाऊनवर झाडलोट करणाऱ्या बायकांनी तळ झाडला आणि ओल्या फडक्यानं पुसून काढला. थोडी भुकटी फळ्यांच्या फटीत गेली. गाडीची घाई होती, म्हणून मी टेस्टआधीच फॉर्मही भरून, सही करून ऑफिसला पाठवून दिला. डबे नेहमी चांगलेच निघायचे.

मामा आतून म्हणाले, “म्याडम, लसणावानी वास येऊन राहिला.”

“सकाळी ठेचा जास्त झाला असेल,” मी म्हणाले. हमाल हसले. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

मामा कामाला चोख. तळाच्या फटी बघायला ते आडवे झाले असणार, कारण दहा-बारा मिनिटं आतच होते. मग दार ठोकलं. “उजेड न्हाई. डबा बराबर हाय,” म्हणत बाहेर आले आणि तिथेच मातीत बसले. छाती धरली. उलट्या सुरू झाल्या. ऊन लागलं म्हणून आम्ही कांदा हुंगवला, लिंबूपाणी पाजलं. त्यात तास गेला. बोलणं अडखळायला लागल्यावर गाडीत घालून नांदेडला नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, “आत कसला गॅस होता?”

मला माहीत नव्हतं. मी वास सांगितला, भुकटी सांगितली, पुसल्याचं सांगितलं.

“किडीसाठी मालात गोळ्या ठेवतात, त्याची भुकटी असणार. पाणी लागलं की उरलेला गॅस सुटतो,” ते म्हणाले. “यावर उतारा नाही. तरी खात्री करा. आधी त्यात काय माल होता?”

मी फोन लावत सुटले. डेपो म्हणाला, बंदरावर विचारा. बंदरावरचे म्हणाले, शिपिंग कंपनीला विचारा. कंपनीतला मुलगा शांतपणे म्हणाला, “मॅडम, डबा स्वच्छ, कोरडा, वास नाही, असा तुमचाच रिपोर्ट माझ्यासमोर आहे.”

तेवढ्यात आमच्या ऑफिसच्या साहेबांचा फोन. “भरला बरं का डबा. दारं सताड उघडी होती, कुणाला काही झालं नाही. सील लावून निघालासुद्धा.”

मामा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. हळद ठरलेल्या जहाजावर चढली.

तिसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले. त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, मला बसायला घोंगडी टाकली. मग विचारलं, “म्याडम, आत जायचं काम कोणाचं व्हतं?”

“माझं.”

“मंग ते आत काहून गेले?”

 

आता मी डब्याची दारं दोन तास उघडी ठेवते. आधीचा माल काय होता ते कागदावर आल्याशिवाय कुणाला आत पाय टाकू देत नाही. यात दोनदा गाडी चुकली, साहेबांची बोलणी खाल्ली. टेस्टला मीच आत जाते. हमाल अजूनही म्हणतात, “म्याडम, तुमी कशाला?” मानानं म्हणतात, मला कळतं. पण सही ज्याची, त्यानंच आत जायचं.