बारकीची फुंकर

आमच्या बारकीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, राग आला की ती भांडत नाही, माती मळत बसते. मला राग आला की मी बोलते. घरात कुणीतरी बोलणारं लागतंच ना! आई गेल्याला बरीच वर्षं झाली, आणि बाबांना आता बोलायला दम पुरत नाही. मी शिवणकाम करते. माझ्याइतके सरळ टाके घालणारी आणि इतकं वाकडं बोलणारी बाई अख्ख्या गल्लीत नाही, असं बारकीच सगळ्यांना सांगत फिरते.

बाबा चिनीमातीच्या कारखान्यात होते. बेसिनं आणि कमोड बनवायचे. "सगळं जग माझ्या कामावर बसतं," हा त्यांचा कायमचा विनोद, आणि पाहुण्यांसमोर तो झाला की आई कपाळाला हात लावायची. साच्यातून निघालेलं बेसिन वाळलं की त्याच्या कडा सँडपेपरनं घासायच्या, वर फुंकर मारायची, मग डोळे मिटून हात फिरवायचा. खोट राहिली असेल तर ती बोटाला कळते. ओलं फडकं लावायचं नाही, ओल्यानं कड मऊ पडते, असं तिथले जुने कारागीर सांगायचे आणि बाबा ते वेदवाक्य मानायचे.

उरलेली माती ते घरी आणायचे. आमच्या मागच्या खोलीत एकच लहान खिडकी, तीही धूळ शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून बंद. तिथं बापलेक तासन्‌तास बसायचे. ते वाट्या करायचे, ही चिमण्या करायची. मी दारात उभी राहून ओरडायचे, कारण माझ्या शिवायच्या कपड्यांवर पांढरा थर बसायचा. मला कपड्यांची काळजी होती हो, दुसरी कसली काळजी करायची असते हे कुणाला ठाऊक होतं! "फुंकर मारल्याशिवाय मातीचं तोंड दिसत नाही, पोरी," असं बाबा म्हणायचे आणि बारकी इवलेसे गाल फुगवून फुंकर मारायची. धूळ उडायची, आणि पुढचा श्वास ती त्याच धुळीत घ्यायची. खाण तशी माती, असं लोक कौतुकानं म्हणायचे.

पुढे बाबांना धाप लागायला लागली. त्या धुळीत काचेसारखे बारीक कण असतात आणि ते छातीत जाऊन बसतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांची फुप्फुसं निम्मी दगड झाली होती. छातीचे फोटो दर वर्षी निघत गेले. ते सगळे बाबांनी कपाटामागे उभे करून ठेवलेत आणि कोणता कधीचा हे त्यांना तोंडपाठ आहे. पहिल्या फोटोत वरच्या बाजूला नुसती खसखस पेरल्यासारखे ठिपके आहेत, शेवटच्यात ढेकळं. आता ते पुढच्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनला नळीनं बांधलेले असतात. मशीन घरघरत असतं आणि ते जरा वेगळं वाजलं की आम्ही दोघी हातातलं टाकून धावतो.

एवढं बघूनही बारकीनं माती सोडली नाही. कलेची पदवी घेतली, मग एका फरशा बनवणाऱ्याकडे नोकरी केली, आणि घरी आली की मागची खोली आहेच. मी सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी! मास्क आणून दिला, तर म्हणे गुदमरतं. यंदा तिनं मास्टर्स करायचं ठरवलं. दोन ठिकाणांहून मुलाखतीला बोलावणं आलं. दोन्हीकडे मी बरोबर गेले, कारण आमची बारकी बोलत नाही, आणि बोलली तर नको तेच बोलते.

पहिलं ठिकाण फार नावाजलेलं. मातीकामाचा विभाग तळघरात होता. जिना उतरता उतरताच घशाला कोरडेपणा जाणवला. दिव्याखाली धूळ तरंगत होती, मुलांच्या भुवया पांढऱ्या होत्या, आणि एक मुलगी झाडूनं सगळं कोपऱ्यात लोटत होती. तिथले मास्तर म्हणजे मोठं प्रस्थ, पण माणूस मायाळू. त्यांनी बारकीच्या हातात एक वाळलेला वाडगा दिला. हिनं काय करावं? कडेवरून बोट फिरवलं, फुंकर मारली, डोळे मिटून पुन्हा हात फिरवला.

"वा! हे शिकवून येत नाही," मास्तर म्हणाले. "कुणाची गं मुलगी तू?"

"कमोडवाल्यांची," बारकी म्हणाली.

मास्तर खदखदून हसले आणि त्या हसण्याचाच खोकला झाला. भिंत धरून खोकत राहिले. तो खोकला मी रोज ऐकते. त्याच्या शेवटी येणारी शिट्टीसुद्धा तीच होती. मी बारकीकडे पाहिलं, तर ती वाडग्याकडे बघत होती. तिचा चेहरा इतका उजळलेला मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

दुसरं ठिकाण नवीन, नाव कुणी न ऐकलेलं. खोली माडीवर, भिंतभर खिडक्या, फरशी ओली. मी दारातच घसरता घसरता वाचले. झाडू कुठं दिसेना. तिथल्या बाईंनीही हिच्या हातात वाळलेला वाडगा दिला. बारकीनं फुंकर मारली. खोलीतली सगळी मुलं दोन पावलं मागे सरली. बाईंनी उरलेल्या खिडक्या उघडल्या, ओल्या स्पंजनं टेबल पुसलं आणि मग विचारलं, "ही फुंकर कुणी शिकवली?"

"बाबांनी."

"कसे आहेत ते?"

बारकी वाडग्याची कड चाचपत राहिली. मीच म्हटलं, "मशीनवर आहेत."

बाईंनी मान हलवली. "छातीचा फोटो काढून आण बाळा," त्या म्हणाल्या. "स्वच्छ असला तर जागा तुझी, हात फार चांगला आहे तुझा. नसला तर इथं माती मिळणार नाही. छपाई शीक, चित्रं शीक. माती मी देणार नाही."

परतीच्या बसमध्ये आमची जुंपली.

"तो दवाखाना आहे, ताई," ती म्हणाली. "तिथं मातीला हात लावायलाही भीती वाटेल."

"आणि ते तळघर? मास्तरांचा खोकला ऐकलास ना?"

"वय झालंय त्यांचं."

"बाबांपेक्षा लहान असतील, गाढवे! आगीतून काढून फुफाट्यात टाकायला आम्ही तुला वाढवली का?"

शेजारची बाई आमच्याकडे बघायला लागली. बारकी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यांनी मला ओळखलं, ताई. फुंकर मारली आणि ओळखलं." मला राग आला, त्याहून जास्त भीती वाटली, आणि मी घर येईपर्यंत बोलले नाही. माझं गप्प बसणं बारकीनं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

निवाडा बाबांनी केला. त्यांनी दोन्ही जागांची नावं विचारली नाहीत, फी विचारली नाही, मास्तर कोण तेही नाही. श्वास गोळा करून एकच विचारलं, "तिथं झाडतात... की पुसतात?"

"पहिल्या ठिकाणी झाडतात," मी घाईघाईनं सांगितलं. "दुसऱ्या ठिकाणी पुसतात."

"मग... विचारायचं काय त्यात? पुसतात तिथं जा."

बारकीनं बाबांचा शब्द कधी मोडलेला नाही. ती मुकाट्यानं फोटो काढायला गेली. मी एवढी सुटले होते म्हणून सांगू! ती परत यायच्या आत तिच्यासाठी नवा कुर्ता कापायला घेतला.

ती आली तेव्हा बाबा दाराकडेच डोळे लावून होते. "आण," म्हणाले, आणि तिनं द्यायच्या आधीच पाकीट ओढून घेतलं. फोटो खिडकीच्या उजेडात धरला. त्यांना चष्मा लागतो तो वाचायला, ठिपके ते चष्म्याशिवाय ओळखतात.

"अगं, हा... माझा कशाला काढलास?" ते म्हणाले. "हा तर माझा... पहिला. कपाटामागच्यातला."

मी कात्री खाली ठेवली. फोटोच्या कोपऱ्यात नाव छापलेलं होतं. बाबा उशीजवळ चाचपडत चष्मा शोधायला लागले. चष्मा माझ्या समोर, कापलेल्या कापडाखाली होता. मी त्याच्यावर हात ठेवला.

"हो बाबा," बारकी म्हणाली. "घाईत तुमचाच उचलून नेला होता दाखवायला. माझा डॉक्टरांकडे राहिलाय." तिनं फोटो त्यांच्या हातातून अलगद घेतला आणि मागच्या खोलीत गेली.

मी तिच्या मागे गेले आणि दार लावून घेतलं. "डॉक्टर काय म्हणाले?"

"आज माती सोडली तर इथंच थांबेल कदाचित. नाही सोडली तर बाबांसारखं."

"मग झालं तर! त्या बाईंकडे छपाई शीक, चित्रं काढ, जगात काय मातीच आहे का?"

"मास्तरांकडे फोटो मागत नाहीत," बारकी म्हणाली.

तिचा आवाज अगदी शांत होता. मी तिचे खांदे धरून गदागदा हलवले. "तू मरशील गं! ऐकतेस का? मी पुन्हा एक मशीन नाही सांभाळणार! मी आत्ताच्या आत्ता बाबांना सांगते. पुसतात तिथं चाललेय असं सांगून झाडतात तिथं जायचा डाव आहे ना तुझा? सगळं सांगते."

"सांग ना," ती म्हणाली. "फोटो माझा आहे हे सांग. फुंकर कुणी शिकवली ते त्यांना माहीतच आहे. बघ, त्यानंतर किती दिवस जगतात ते."

तिनं फळीवरचा अर्धवट घासलेला वाडगा घेतला, उलटा केला आणि सवयीनं फुंकर मारली. बंद खिडकीतून आलेल्या उजेडात धूळ वर आली आणि आमच्या दोघींच्या मधे तरंगत राहिली. मी पदर नाकाला लावला. तिनं नाही लावला.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून, मशीनच्या घरघरीवरून बाबांचा आवाज आला. दम गोळा करून, आनंदानं विचारत होते, "अगं... पोरीचा... स्वच्छ आला ना?"

बारकी माझ्याकडे बघत राहिली. मी दार उघडलं.

"हो बाबा," मी म्हटलं. "अगदी स्वच्छ आलाय."