आमच्या घरी सोंडे नाहीत

गव्हात एक सोंडा, म्हणजे धान्यातला किडा, दिसला की समजावं, तळाशी अजून बरेच आहेत. आमच्या भजनी मंडळाचे किस्सेही तसेच. एक काढला की मागून दहा येतात, आणि त्यातले बरेचसे सांगताना मान खालीच जाते.

माझी सून वैशाली यवतमाळला प्रयोगशाळेत नोकरीला आहे. धान्यातले किडे आपण कोठीत ठेवतो त्या औषधी गोळ्यांनी अजून मरतात का, हे ती तपासते. त्यासाठी गावोगावचे जिवंत किडे लागतात. "फुलसावंगीतून मिळाले नाहीत तर आपलं गाव तपासणीतून सुटेल, आई. इथं गोळ्या चालतात की नाही, कुणालाच कळणार नाही."

मी म्हटलं, "मंडळ आहे ना. चिंता कायले करतं?"

*

पहिल्यांदा गेले मंडळाच्या प्रमुख कमलताईंकडे.

"सोंडे? आमच्या घरी? नाही बाई. शेजारी पाह्य."

मागे अंगणात त्यांचे गहू उन्हात पसरलेले, आणि कडेनं सोंड्यांची काळी रांग चाललेली.

"मंग हे काय वो?"

"ते शेजारचेच. फिराले आले."

*

सगळ्या घरांतून हेच उत्तर. रिकामी बरणी घेऊन परतले, तर सुट्टीला घरी आलेली वैशाली म्हणाली, "आपल्याच घरचे घेऊ की."

"आपल्या घरी कुठले!" माझ्या तोंडून निघालंच.

तेवढ्यात एक सोंडा पदरावरून चढत माझ्या खांद्यावर आला. तिनं तो चिमटीत धरून बरणीत टाकला. "शेजारचा असेल."

कोठी मात्र रिकामी निघाली. किडके गहू मी नुकतेच घराबाहेर काढले होते.

*

रविवारी तिची बरणी भरली. कुठून, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एकादशीला तिचा फोन आला, "आज किडे गोळीच्या गॅसमध्ये ठेवले."

"उद्या ठेव ना माय. आज जीव काहून घेतं?"

"आई, ते जगले तर गावाचं नुकसान आहे."

मग देवापुढे बसले. सुनेसाठी मागू की किड्यांसाठी, कळेना. दोघांसाठीही मागून घेतलं.

*

पुढच्या भजनाला वैशालीनं फोनवर व्हिडिओ दाखवला. किडे उताणे पडलेले.

"मेले बिचारे," कमलताई म्हणाल्या.

"थांबा." तिनं काही दिवसांनंतरचा दुसरा व्हिडिओ लावला. तेच किडे उठून चालत होते. "गोळी कमी, कोठी उघडी. अशानं उरलेले पक्के होतात. आता ते गोळीला भीत नाहीत."

"कोणाच्या घरचे वो हे?" कमलताईंनी कडक आवाजात विचारलं.

"देवळातल्या कोठीतले. महाप्रसादाच्या गव्हातले."

ते गहू आम्हीच घरोघरून देतो. टाळ कुणी उचलेना. शेवटी कमलताईच म्हणाल्या, "म्हणजे देवानंच राखले म्हणा."



*

दुसऱ्या दिवशी सकाळी पदराखाली चाळणी घेऊन मी देवळात गेले. कमलताई आधीच कोठीपाशी बसल्या होत्या, मांडीवर सूप.

"दर्शनाले आलती," त्या म्हणाल्या.

"मीबी," म्हटलं, आणि शेजारी बसले.