गुळाच्या डब्याची किल्ली

नळीतलं निळं द्रावण तापवलं आणि ते पुन्हा विटकरी लाल झालं. लघवीत साखर नसली तर ते निळंच राहतं. विटकरी झालं म्हणजे साखर भरपूर. महादेवी अव्वांचा सकाळचा रंग सलग तिसऱ्या आठवड्यात हाच होता. रक्ताचा फास्टिंग रिपोर्ट, म्हणजे रात्रभर उपाशी राहून सकाळी काढलेल्या रक्तातली साखर, तोही तेच सांगत होता.

मी तेव्हा निलंगा तालुक्यातल्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स होते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्यामुळे फॉर्मवर जुनं नाव खोडून नवं हाताने लिहावं लागे. पावसाने मात्र जुना-नवा भेद न करता सगळ्यांनाच ठेंगा दाखवला होता. गावात दिवसाआड टँकर यायचा.

अव्वांच्या मुलाचं, बसवराजचं, किराणा दुकान होतं. मागे घर, पुढे दुकान, मधे गुळाच्या भेली. मग साखर कशाने वाढली, हे घरच्यांनी ठरवूनच टाकलं. सुनेने गुळाच्या डब्याचं कुलूप आपल्या ताब्यात घेतलं. चाळीस वर्षं अव्वांच्या कमरेला असलेली किल्ली तिने स्वतःच्या कमरेला खोचली. अव्वांना डायबेटिसपेक्षा तेच जास्त लागलं होतं.

मीही त्यांना खरं सांगा म्हणाले. त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

"न्हाई खाल्ला, सिस्टर."

लिंगाला हात लावून खोटं बोलणारी ती बाई नव्हती. पण माझ्या हातात लाल नळी होती आणि मी नळीवर विश्वास ठेवला.

डॉक्टरसाहेबांनी इन्सुलिन सहा युनिट वाढवायला सांगितलं. सून डोस नीट भरते का, ते एकदा घरी जाऊन बघते, असं मी म्हणाले. ते कुरकुरले, पण उद्यापर्यंत थांबायला तयार झाले.

सुनेने माझ्यासमोर सिरिंज उकळली, डोस भरला. एका रेघेचीही चूक नव्हती. मग मी बाटली उजेडात धरली. हे इन्सुलिन हलवल्यावर दुधासारखं एकसारखं दिसायला हवं. इथे फाटलेल्या दुधासारख्या गाठी काचेला चिकटल्या होत्या. उष्णतेने औषधाची ताकद गेली होती.

फ्रीज नसलेल्या घरांना मी एक युक्ती शिकवायची. घमेल्यात वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात बाटली. वाळू दोन वेळा ओली केली की आत गारवा राहतो. अव्वांच्या घमेल्यात मी हात घातला. वाळू कोरडीठाक आणि कोमट होती. सून गोंधळून सासूकडे बघायला लागली, कारण पाणी घालायचं काम अव्वांचं होतं.

"तीन हप्ते झाले, न्हाई घातलं," अव्वा म्हणाल्या. "लेकरं घोट घोट पिऊन राहिलीत, अन् मी बाटलीला पानी पाजू?"

"अहो, मग भांडी धुतलेलं घालायचं."

"तुमीच म्हनला होतात, सोच्छ पानी घाला म्हनून."

म्हणाले होते खरं. सवयीने. बाटलीला बूच, बाटली मडक्यात, मडकं वाळूत. वाळूला स्वच्छ पाणी कशाला हवं होतं? मला लाज वाटली आणि तसं मी सगळ्यांसमोर सांगितलं.

नवी बाटली दिली, डोस जुनाच ठेवला. वाढवला असता आणि मग ताजं औषध टोचलं असतं तर साखर एकदम खाली जाऊन अव्वा कोसळल्या असत्या. हे सांगितल्यावर डॉक्टरसाहेबांची कुरकुर थांबली. भांड्यांचं पाणी वाळूवर जाऊ लागलं. आठवड्याने नळी हिरवी झाली, पुढच्या आठवड्यात निळी.

तो निळा रंग सांगायला मी घरी गेले. सुनेने किल्ली काढून सासूच्या हातात दिली. अव्वांनी ती कमरेला खोचली, नीट बसली का हे चाचपून पाहिलं, मग डबा उघडला. स्वतः बोटसुद्धा लावलं नाही. माझ्यापुढे गुळाचा खडा आणि काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला.

"घ्या सिस्टर. सोच्छ हाय."

पुढे नोकरीभर, कुणाची साखर वाढलेली दिसली की मी आधी बाटली बघितली, मग माणसाला विचारलं. आणि वाळूवर घालायच्या पाण्याला पुन्हा कधी विशेषण लावलं नाही.