पेपर छापणाऱ्यांनी वर्गात जायचं नसतं

आमच्या धंद्यात एक रीत होती. ज्या शाळेचे पेपर छापायचे, त्या शाळेत परीक्षेच्या दिवसांत पाऊल टाकायचं नाही. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण जुन्या पनवेलमधल्या आमच्या छोट्या प्रेसमध्ये ती सासऱ्यांपासून पाळली जायची. उगाच कुणी म्हणायला नको, की पेपर फुटला. माझी मुलगी तळ्याजवळच्या मराठी शाळेत होती, तेव्हा तिच्या इयत्तेचे पेपर आम्ही घेतच नसू. ते पेणला छापून यायचे. हळदीकुंकवाला तिच्या बाई भेटल्या तरी मी शाळेचा विषय काढत नसे. इतकं सोवळं!

त्यामुळे झालं काय, की सगळा जन्म पोरांचे पेपर छापण्यात गेला आणि एकही पोर पेपर सोडवताना मी पाहिलं नाही. आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नाही. गठ्ठे बांधायचे, पाकिटांना चिकटपट्टी लावायची, वर शिक्का मारायचा, शाळेच्या शिपायाच्या हातात द्यायचे. संपलं. पुढचं बाई जाणोत आणि पोरं जाणोत.

खारघरच्या मोठ्या शाळा आमच्याकडे कधी आल्याच नाहीत. त्यांचं सगळं तयार येतं, पुस्तकापासून पेपरापर्यंत. आम्ही तगलो ते मराठी शाळांवर. मग पहिलीचा अभ्यासक्रम बदलला आणि तळ्याजवळच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. "वहिनी, पहिलीला आता लेखी पेपर नाही. मुलाला वस्तू द्यायच्या, ते काय करतं ते बघायचं आणि नोंद करायची."

"नुसतं बघायचं?" मी म्हटलं. "मग मार्क कसले देणार, कप्पाळाचे?"

त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. पहिलीचे पेपर गेले म्हणजे मागोमाग दुसरीचे जाणार, हे मला दिसत होतं. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "आपण मशीन विकून टाकू. तळोज्याचा एकजण कधीचा मागे लागलाय." असं म्हणताना ते मशीन पुसत होते. मला इतका राग आला, की मी जेवायलाही वाढलं नाही. म्हटलं, घ्या हाताने.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंकडे परत गेले. म्हटलं, वस्तू लागणार ना? मी करते वस्तूंचा संच. त्यांनी मान्य केलं. यंदा पहिलीला लावून बघू, जमलं तर संस्थेच्या सगळ्या शाळांना तुमच्याकडूनच घेऊ, असं म्हणाल्या. तेवढ्या एका होकारावर आमची प्रेस उभी राहणार होती. नाहीतर तळोज्याचा माणूस होताच.

विषय होता जड आणि हलकं. हा विषय मला तोंडपाठ! दर वर्षी हत्ती आणि मुंगीचं चित्र छापायचो, 'जड असेल त्याला गोल करा.' आमच्याकडच्या चित्रांत मुंगी हत्तीपेक्षा कणभर मोठीच दिसायची, तरी पोरं इमानदारीत हत्तीलाच गोल करायची म्हणे. आता मी खऱ्या वस्तू गोळा केल्या. स्पंजचा मोठा चेंडू, लोखंडी नट, लाकडी ठोकळे, आणि काडीला दोरीने बांधलेल्या दोन वाट्यांचा छोटा तराजू. प्रत्येक मुलाला वेगळं पाकीट. पाकिटावर रंगीत छपाई केली, तेव्हा हे म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड झालाय तुझा." मी लक्ष दिलं नाही.

मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की संच आठवडाभर आधी मुलांना खेळायला द्यायचा आहे. पण जित्याची खोड! मी प्रत्येक पाकिटाला चिकटपट्टी लावली आणि वर आमचा जुना शिक्का हाणला, 'परीक्षेच्या दिवशीच उघडावे.' मला जाणवलंसुद्धा नाही. आणि गंमत अशी, की शाळेत वर्गाच्या बाईंनी तो शिक्का बघितला आणि सगळी पाकिटं कपाटात टाकून कुलूप लावलं. त्यांनाही काही वावगं वाटलं नाही. वर्षानुवर्षं मी शिक्का मारत होते आणि त्या कुलूप लावत होत्या.

ठरलेल्या सकाळी त्यांचा फोन आला. पाकिटं फोडली, तर सगळ्या तराजूंच्या दोऱ्यांचा गुंता. "वहिनी, तुम्हीच या आणि सोडवा." मी चपला सरकवल्या आणि निघाले. शाळेच्या फाटकात मात्र पाय अडखळला. आज परीक्षा होती ना! आत जाताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

वर्गात बघते तर काय, प्रत्येक दोन पोरांच्या मधे दप्तर उभं केलेलं. कॉपी करायला नको म्हणून! पोरं हाताची घडी घालून बसलेली, समोर माझे चेंडू आणि नट, आणि बाई म्हणत होत्या, "सूचना होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही." एक पोरगा तर रडत होता. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, कपाळाला आठ्या घालून. झालं, संपली आपली प्रेस, असं मनात आलं. मी खाली मान घालून मागच्या बाकावर गाठी सोडवत बसले.

मी सोडवलेले तराजू वाटून झाल्यावर सूचना झाली. पोरांनी तराजू उचलले आणि एकाचंही धड चालेना. वाट्या भिरभिरायच्या, वस्तू खाली. मग कर्नाळ्याकडच्या गावातून येणारी एक बारकी पोरगी उभी राहिली. "बाई, मना एकटीला नाय जमत. ही धरंल, मी टाकीन."

परीक्षेत शेजारणीची मदत? वर्गाच्या बाईंनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंनी नुसती मान डोलावली. पोरीने मधलं दप्तर उचलून खाली ठेवलं. तिचं बघून पुढच्याने ठेवलं, मग त्याच्या पुढच्याने, आणि बघता बघता सगळी दप्तरं जमिनीवर आली.

त्यानंतर जे झालं ते मी कसं सांगू? त्या पोरीने एका वाटीत मोठा चेंडू टाकला, दुसऱ्या वाटीत नट. नटाची वाटी खाडकन खाली गेली. पोरगी बघतच राहिली. तिने वस्तू काढल्या, वाट्या बदलल्या, परत टाकल्या. परत नट खाली. आता तिने दोन्ही वस्तू तळहातांवर घेतल्या आणि डोळे मिटले. अगं बाई, डोळे मिटले! कुणीही सांगितलं नव्हतं. मग डोळे उघडून ती ओरडली, "बाई, यो मोठा हाय, पन यो हलका हाय!"

"खोटं!" मागचा पोरगा म्हणाला. "मोठं जडच असतं." आणि तो स्वतः करून बघायला लागला. मग वर्गात कुणी थांबेना. नटाला किती ठोकळे पुरतात, रबर जड की शार्पनर, भरलेली बाटली जड की रिकामी. कुणी खिशातून चिंचोके काढले, कुणी डब्यातली पोळी. एका पोरीने पोळी तोलली, मग तिचा घास खाल्ला आणि उरलेली परत तोलली! त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला समोर दिसत होतं, दूध उतू जाताना दिसतं तसं स्पष्ट. इतकी वर्षं मी या पोरांसाठी गोल करायची चित्रं छापत होते, आणि आत हे सगळं होतं? वर्गाच्या बाईंच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली होती. त्यांनी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, राग मानू नका. पाकिटं नकोत आम्हाला. वर्गाला चार-पाच तराजू पुरे, तेही आहेत ते चालतील. बाकीचं मुलं घरून आणतील. तुम्हीच बघितलंत ना आता?"

मी भांडखोर बाई आहे, पनवेलात कुणालाही विचारा. एरवी मी तिथेच पदर खोचला असता. पण आज नाही. कारण मी खरंच बघितलं होतं. त्या बाई खोटं बोलत असत्या तर मी भांडले असते.

घरी आले. हे मशीनपाशी उभेच होते. "काय म्हणाल्या?"

"नको म्हणाल्या," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. चेंडू, नट, डोळे मिटणारी पोरगी, पोळी. मला वाटलं, हे आता चिडतील. सासऱ्यांची प्रेस जाणार होती, चिडायचा हक्क होता त्यांना. पण ते एवढंच म्हणाले, "डोळे मिटले? आपणहून?"

"आपणहून."

त्यांनी तळोज्याच्या माणसाला फोन लावला. मशीन बघायला तो उद्या सकाळीच येतो म्हणाला. "सकाळी नाही," हे म्हणाले. "सकाळी आम्हाला काम आहे. दुपारी या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोठ्या बाईंना विचारून पहिलीच्या वर्गात मागे जाऊन बसलो. हे अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन, त्या इवल्याशा बाकावर. थोड्या वेळाने तीच पोरगी तराजू घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. तिने यांच्याकडे नीट बघितलं आणि हात पुढे केला. "आजोबा, चष्मा द्या ना. तोलायचाय."

चष्मा काढला की यांना समोरचं माणूसही दिसत नाही. मला ते कधी त्याला हात लावू देत नाहीत. त्यांनी तो काढला आणि तिच्या वाटीत ठेवला. पोरं भोवती गोळा झाली, कुणी चिंचोके टाकायला लागलं, कुणी मोठ्याने मोजायला लागलं. यांनी माझा हात घट्ट धरला.

"काय करतायत गं?" ते म्हणाले. "सांग मला. सगळं सांग."